पाच मिनिटांचा उपास

दिवाळीचे फटाके उदबत्तीने लावण्याची चाल आहे. आमच्या घरी मात्र हे काम वर्षानुवर्षे माझ्या सिगरेटीकडे होते. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकायचे, नवा सदरा चढवायचा, एक सिगरेट शिलगावायची आणि तिच्या टोकाने चाळीतल्या पोराटोरांच्या लवंगी माळा पेटवून द्यायच्या. उदबत्ती वाऱ्याने विझते. सिगरेटीचे तसे नाही. एक झुरका मारला की निखारा पुन्हा ताजा! आपल्या व्यसनाचा चार पोरांना उपयोग होतो, या विचाराने मला त्या पहाटे मोठी धन्यता वाटत असे.

गेल्या दिवाळीत नेमकी याच मुहूर्तावर मला खोकल्याची उबळ आली. जिन्याचा कठडा धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकलो. मान वर केली तेव्हा सहा वर्षांचा नातू हातात माळ घेऊन पायरीवर शांत बसला होता.

"काय रे, घाबरलास?" मी विचारले.

"नाही. तुमचा खोकला झाला की लावू या, आजोबा."

फलाटावरचा माणूस आधी जलद गाडी जाऊ देतो आणि मग आपल्या गाडीकडे डोळे लावतो, तितक्या सहजपणे तो थांबला होता. त्याने आजोबा पाहिला तोच मुळी खोकणारा. पोर घाबरले असते तर मला बरे वाटले असते.

पाडव्याला मी सिगरेट सोडली.

हे वाक्य वाचून या सदराच्या जुन्या वाचकांना हसू येईल. सिगरेट सोडण्याचा माझा हा पाचवा प्रयोग. पहिल्या खेपेस देवाची शपथ घेतली होती, दुसऱ्या खेपेस बायकोची. तिसऱ्या खेपेस भरलेले पाकीट कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि रात्री अकरा वाजता विजेरी घेऊन तेच शोधत बसलो. चौथ्या खेपेची हकीकत सांगण्यासारखी नाही. ३१ वर्षे, दिवसाला १२ या हिशेबाने मी सुमारे १ लाख ३५ हजार सिगरेटी ओढल्या. त्या एकापुढे एक मांडल्या तर जुन्या बोरीबंदर स्थानकापासून निघून दादरच्या पुढे जातील. एवढा लोहमार्ग मी छातीतून ओढून नेला!

शपथा आणि हुकूम यांना तंबाखू दाद देत नाही, ही गोष्ट जुनीच आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेग नावाच्या सरदाराने आपल्या दख्खनमधून, विजापुराहून, अकबरासाठी तंबाखू आणि नक्षीदार हुक्का नेला. हकीम नको नको म्हणत असताना बादशहाने झुरके घेऊन पाहिले. पुढे १६१७ साली जहांगिराने तंबाखूवर बंदी घातली. बादशहाच्या फर्मानाचे जे झाले, तेच आमच्या हिला दिलेल्या वचनांचे झाले.

या वेळी मी शपथ घेतली नाही. आमच्या चाळीत लहानाची मोठी झालेली एक मुलगी आता छातीच्या विकारांची डॉक्टर आहे. तिच्याकडे गेलो. ती म्हणाली, "काका, जन्मभर सोडण्याची भाषा काढूच नका. पुढची पाच मिनिटे ओढू नका, म्हणजे झाले."

मला ती थट्टा वाटली. तेव्हा तिने समजावून सांगितले. झुरका घेतला की दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचते. दोनेक तासांत रक्तातले निम्मे उतरते आणि मेंदू सावकारासारखा तगादा लावतो. आपल्याला वाटते, आता ही तल्लफ वाढतच जाणार आणि आपण वेडे होणार. पण ती चढते, थोडा वेळ टिकते आणि पाच-दहा मिनिटांत आपल्या पायांनी उतरते. सिगरेट ओढली तरी उतरते, न ओढली तरी उतरते. सावकार दारात बसून राहत नाही. तो हाक मारून निघून जातो. आपण घाबरून दार उघडतो, एवढेच!

पहिले तीन दिवस वाईट गेले. हात थरथरत, झोप येईना, आणि चहात साखर कमी पडली म्हणून मी हिच्यावर असा ओरडलो की शेजारचे डोकावून गेले. डॉक्टरने निकोटिनचा डिंक दिला होता. तो च्युइंगमसारखा सारखा चघळायचा नसतो. जिभेला चुरचुर लागली की गालात दाबून ठेवायचा. त्याने तगादा निम्मा झाला. उरलेल्या निम्म्यासाठी हिने एका डबीत लवंगा भरून दिल्या. तल्लफ आली की घड्याळ पाहायचे, पेलाभर पाणी प्यायचे, एक लवंग दाढेखाली धरायची आणि जिना उतरून चढायचा. वर येईतो काटा पाच मिनिटे पुढे गेलेला असे. महिन्याभरात तगादे रोजचे वीस होते ते तीन-चारांवर आले.

खरी भीती या सदराची होती. सिगरेटीवाचून मला एक ओळ सुचली नव्हती. निदान माझी तशी पक्की समजूत होती. पहिला लेख लिहायला तीन दिवस लागले. तो छापून आल्यावर संपादकांना भीतभीत विचारले, "काही फरक वाटला का?" ते म्हणाले, "हो, या वेळी कागदावर राखेचे डाग नव्हते."

आता लाजिरवाणी गोष्ट सांगतो. २००८ साली गांधीजयंतीपासून सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आली, तेव्हा कचेरीतली आमची बैठक कोपऱ्यावरच्या पानपट्टीवर गेली. तिथे एक सोबती मिळाला. त्याची काडी, माझे पाकीट, असा आमचा संसार. निवृत्तीनंतरही तो चालू होता. मी सोडल्यावर त्याच्याकडे जाणे कमी केले; जवळ बसलो की हात पाकीट मागे. तो मात्र एका शब्दाने रागावला नाही. या आषाढात तो फुफ्फुसाच्या विकाराने गेला. शेवटचे तीन महिने त्याच्या नाकाला प्राणवायूची नळी होती.

स्मशानातून बाहेर पडताना कुणीतरी पाकीट पुढे केले. मी घेतली. एक नव्हे, दोन ओढल्या. ज्याने मित्र नेला त्याच धुराने मी मित्राचे सुतक पाळले.

घरी आलो. हिला वास आला असणारच. तिने आंघोळीचे पाणी काढले, टॉवेल ठेवला आणि टॉवेलावर लवंगांची डबी ठेवली. बोलली काहीच नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरसमोर मान खाली घालून बसलो, तर ती म्हणाली, "काका, तुम्ही घसरलात, पडला नाहीत. पाच मिनिटे आतापासून पुन्हा मोजा." यापूर्वीच्या चारही वेळा मी एका सिगरेटीनंतर 'आता गेलेच सारे' म्हणून पाकीट विकत घेतले होते. या खेपेस घेतले नाही. इतकाच काय तो फरक, आणि तोच सगळा फरक.

वर्षभर ओढली नाही की सिगरेटीने वाढलेला हृदयविकाराचा जादा धोका जवळजवळ निम्म्यावर येतो, असे डॉक्टर सांगतात. माझ्या वर्षात दोन सिगरेटींची खोट आहे. ती मी लपवत नाही. तुमच्यापैकी कुणाला हा उपास धरायचा असेल आणि घरात लवंगांची डबी देणारे कुणी नसेल, तर १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक २०१६ पासून आहे. फोन फुकट लागतो आणि पलीकडचा माणूस रागावत नाही.

तल्लफ अजून येते. हा लेख लिहिताना दोनदा आली, आणि जिना दोनदा उतरलो. परवा नातवाने उदबत्तीचा पुडा आणून माझ्या मेजावर ठेवला आहे. या नरकचतुर्दशीला लवंगी माळेला तो उदबत्ती लावणार आहे आणि माझ्या दाढेखाली लवंग असेल. त्याला पायरीवर थांबावे लागू नये, एवढीच माझी दिवाळी.