विश्लेषण : भिंतीतली वायर, पाइप शोधणारे यंत्र कोणते घ्यावे?

रांजणगाव आणि कुरकुंभ औद्योगिक वसाहतींमुळे शिरूर व दौंड तालुक्यांत फ्लॅट आणि बंगल्यांची बांधकामे वाढली. या घरांत वायरी आणि नळाचे पाइप भिंतीच्या आत असतात. आरओ, गिझर किंवा टीव्ही बसवताना ड्रिल मात्र अंदाजानेच मारले जाते. अंदाज चुकला, तर कधी फरशीमागे पाणी झिरपते, कधी ड्रिल २३० व्होल्टच्या वायरीला भिडते. हा धोका टाळणारी शोधक यंत्रे आता बाजारात सहज मिळतात. पण आपल्याकडच्या भिंतींवर ती सगळीच सारखी उपयोगी नाहीत.

यंत्रे किती प्रकारची?

पहिला प्रकार धातू शोधणारा. तो लोखंडी सळई, जीआय किंवा तांब्याचा पाइप दाखवतो. दुसरा भिंतीच्या घनतेतील फरक टिपतो. तिसरा चालू वायरीभोवतीचे ५० हर्ट्झचे विद्युत क्षेत्र ओळखतो. स्वस्त यंत्रांत हे तिन्ही एकत्र असतात. चौथा प्रकार रडारचा. तो महाग असतो, पण प्लॅस्टिकचा पाइपही शोधू शकतो.

आपल्या भिंतींची अडचण काय?

घनता मोजणारी यंत्रे मुळात अमेरिकेतील लाकडी चौकटीच्या, पोकळ भिंतींसाठी आहेत. आपल्याकडे विटांवर सिमेंटचा गिलावा असतो, तिथे ती गोंधळतात. कार्यालयांतील जिप्सम पार्टिशनमध्ये मात्र त्यांचा उपयोग होतो. तिथे साधारण दोन-दोन फुटांवर पत्र्याचे उभे चॅनेल असतात आणि जड वस्तू त्यांवरच टांगावी लागते.

घरांतील नळजोडणी आता बहुधा सीपीव्हीसी पाइपची असते. धातू शोधणाऱ्या यंत्राला हा पाइप दिसतच नाही. उलट, वायरीची झिरी बुजवताना आणि कॉलम-विटांच्या सांध्यावर गवंडी चिकनमेश लावतात. त्या जाळीवर यंत्र सगळीकडेच वाजत राहते.

खोलीचा आकडा कसा वाचायचा?

खोक्यावरचा मोठा आकडा लोखंडाचा असतो. बॉशच्या ‘जीएमएस १२०’ या यंत्राची क्षमता लोखंडासाठी १२० मिलिमीटर, तांब्यासाठी ८०, तर चालू वायरीसाठी फक्त ५० मिलिमीटर सांगितली जाते. म्हणून खरेदी करताना वायरीपुढचा आकडा पाहावा. टीव्हीच्या स्टँडसाठी दोन इंच भोक पाडायचे, तर यंत्राने निदान तेवढी खोली तरी तपासायला हवी.

वीज गेलेली असताना तपासले तर?

इथेच सर्वात मोठी चूक होते. वीज गेलेली असेल किंवा मेन स्विच बंद असेल, तर वायर शोधणारा भाग गप्प राहतो आणि भिंत ‘सुरक्षित’ वाटते. शोधताना वीज सुरू हवी, त्या वायरीवरचे दिवे-पंखे लावलेले हवेत. भोक पाडताना मात्र त्या भागाचा एमसीबी बंद हवा. लोखंडी पाइपातील वायर वीज सुरू असतानाही सापडेलच असे नाही. ओल्या भिंतीवर तर रडारही फसते.

मग घ्यावे कोणते?

वर्षातून एखादे भोक पाडणाऱ्या घराला महागडे यंत्र लागत नाही. धातू आणि चालू वायर दाखवणारे साधे यंत्र पुरते. रोज ड्रिल हाती घेणाऱ्या वायरमन, प्लंबर आणि आरओ बसवणाऱ्यांनी मात्र रडारच्या यंत्राचा खर्च करावा; फुटलेला पाइप शोधून फरशी उखडण्यापेक्षा तो परवडतो. यंत्र आधी माहीत असलेल्या वायरीवर, म्हणजे स्विचबोर्डाच्या वर, चालवून पाहावे. बोर्ड आणि नळ यांच्या सरळ रेषेत, उभे किंवा आडवे, भोक टाळावे. घरात ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी हवेच.

सर्वात खात्रीचा उपाय मात्र जवळजवळ फुकटचा आहे. गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचा, टेप लावून, मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. घरमालकांनी तो मागावा आणि बिल्डरांनी चावीसोबत द्यावा. हा फोटो हाती असेल, तर यंत्राचे काम फक्त खात्री करून घेण्यापुरते उरते.