ठशाची साक्ष

गुन्ह्याच्या जागी सापडलेला ठसा आरोपीच्या बोटाशी जुळतो, असे तज्ज्ञाने सांगितले की खटला संपला, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. ज्या देशात १८९७ साली कलकत्त्यास जगातील पहिली अंगुलिमुद्रा कचेरी निघाली, तेथे हा विश्वास दृढ असावा यात नवल नाही. आता १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वा अधिक वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाची घटनास्थळास भेट टप्प्याटप्प्याने अनिवार्य केली आहे. तेव्हा पालघर व बोईसरच्या ठाण्यांतूनही असा पुरावा वाढत्या प्रमाणात न्यायासनापुढे येईल. तो कितपत भरवशाचा, हे आजच विचारले पाहिजे.

दोन माणसांची बोटे सारखी नसतात, हे मान्य करू. परंतु न्यायालयापुढे बोट येत नाही. येतो तो काचेवरचा पुसट, अर्धवट ठसा. माद्रिदच्या बॉम्बस्फोटानंतर २००४ साली अमेरिकेच्या एफबीआयने अशाच ठशावरून ओरेगॉनमधील एका निरपराध वकिलास सुमारे दोन आठवडे अटकेत ठेवले. एकाहून अधिक तज्ज्ञांनी खात्री दिली होती. ठसा निघाला दुसऱ्याचाच. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या १६९ तज्ज्ञांच्या परीक्षेत भिन्न माणसांचे ठसे हजारात सुमारे एकदा एकाचेच ठरले, तर एकाच माणसाचे ठसे शेकडा साडेसात वेळा भिन्न ठरले.

यावर संख्याशास्त्राचा उपाय सुचविला जातो. ठसा आरोपीचा असता तर एवढे साम्य दिसण्याची शक्यता किती, आणि परक्याचा असता तर किती, यांचे गुणोत्तर मांडावयाचे. उपाय योग्यच आहे; मात्र ही रीतही कसोटीस लागली पाहिजे. ज्यांचा धनी निश्चित ठाऊक आहे असे शेकडो ठसे तिच्यापुढे ठेवून ती किती वेळा चुकते हे मोजावे. तारापूरच्या कारखान्यांत रसायने व यंत्रे हाताळून झिजलेल्या बोटांचे ठसेही त्यांत असावेत. स्वच्छ ठशांवर उत्तीर्ण झालेली रीत तेथे टिकेलच, असे गृहीत धरणे धोक्याचे. शिवाय लाख तुलनांत एकदाच चुकणारी रीत दहा लाख ठशांच्या संग्रहात शोध घेऊ लागली, तर दहा निरपराधांकडे बोट दाखवील.

अशा चिकित्सेने गुन्हेगार सुटतील, असा आक्षेप येईल. पण भलताच माणूस तुरुंगात गेला, म्हणजे खरा गुन्हेगार सुटलाच की! कायदाही तज्ज्ञाच्या म्हणण्यास 'मत'च म्हणतो. त्या मताबरोबर चुकीचे प्रमाण सांगणे शासनाने बंधनकारक करावे, आणि ते तपासण्याची सोय बचाव पक्षास द्यावी. पोटासाठी बोईसरला आलेल्या, मोठा वकील न परवडणाऱ्या कामगाराचे स्वातंत्र्य न तपासलेल्या आकड्यावर टांगलेले असू नये.