पंधरा ऑक्टोबरचा फोटो

दरवर्षी १५ ऑक्टोबरला माझ्या मोबाइलवर एक फोटो येतो. वाचनालयाच्या पायऱ्यांवर गणवेशातली पोरं, प्रत्येकाच्या हातात पुस्तक, मागे बॅनर, मधोमध पाहुणे. कलाम साहेबांची जयंती, वाचन प्रेरणा दिन. 'उत्साहात साजरा' ही बातमीही मीच लावतो.

यंदा फोटो झाल्यावर तिथेच थांबलो. पोरांच्या हातातली पुस्तकं एकेक करून परत घेतली गेली, कपाटाला कुलूप लागलं. चौथीतली एक मुलगी म्हणाली, "सर, माझी गोष्ट अर्धी राहिली." उत्तर मिळालं, आधी सभासद हो. म्हणजे अनामत, वर्गणी, पालकांची सही. तिची आई सकाळी सातला बांधकामावर जाते, दिवे लागल्यावर परत येते. सही कधी करणार?

मी सभासदांचं रजिस्टर मागून पाहिलं. जिल्हा परिषदेची शाळा दोनशे पावलांवर, पण तिथल्या एकाही पोराचं नाव त्यात नाही.

सगळा दोष संचालक मंडळावर टाकणार नाही. आपला ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्यात कर्नाटक-केरळसारखा ग्रंथालय कर नाही, सगळी भिस्त अनुदानावर. २०२२ मध्ये ते ६० टक्क्यांनी वाढलं, तरी 'ड' वर्गाला तेव्हा वर्षाला ४८ हजारच झाले. महिन्याचे चार हजार! त्यात ग्रंथपालाचं मानधन, पेपरबिल, लाइटबिल आणि पुस्तकं. तेही हप्त्याने, उशिरा. अशा पगारावर माणूस कुलूप उघडतो हेच खूप.

पण शेजारी कर्नाटकात काय झालं बघा. तिथे ग्रामपंचायतींची ग्रंथालयं ग्रामविकास खात्याकडे दिली आणि २०२० मध्ये 'ओदुव बेळकु' नावाने ६ ते १८ वयाच्या मुलांना फुकट सभासद करून घेतलं. कोरोनात शाळा बंद होत्या, तेव्हा पोरांना दार उघडं मिळालं. आपल्याकडे त्या काळात वाचनालयांनाच टाळं होतं.

आपल्याला त्यासाठी जीआरची वाट बघायची गरज नाही. शाळेच्या नावावर एकच खातं उघडा. पन्नास पुस्तकांची पेटी सोमवारी शाळेत जाईल, पुढच्या सोमवारी बदलून येईल. मुख्याध्यापक तयार आहेत, मी विचारलंय. दुसरं, वरच्या अभ्यासिकेत पोलीस भरती आणि एमपीएससीची पोरं रात्री दहापर्यंत बसलेली असतात. खरं सांगायचं तर वाचनालयात तेवढीच जागा जिवंत आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर यातल्या दोघांनी खाली येऊन तासभर लहानांना गोष्टी वाचून दाखवाव्यात, त्या महिन्याची त्यांची फी माफ.

एक संचालक मला म्हणाले, "पुस्तकं हरवतील हो." हरवतील ना! वर्षाला दहा-पंधरा जातील. गेल्या पावसाळ्यात मागच्या भिंतीलगतच्या कपाटात वाळवीने त्याहून जास्त खाल्ली, त्याची नोंद कुणी केली?

येत्या रविवारी सकाळी दहाला वार्षिक सभा आहे. हे दोन्ही विषय मी लेखी दिलेत, पण सूचक-अनुमोदकाशिवाय काही होत नाही. सभासद असाल तर या. आणि येण्याआधी थकलेली वर्गणी भरून पावती घ्या, नाहीतर मत देता येणार नाही. माझी स्वतःची सात महिन्यांची थकली होती, काल भरली.