ओटीवरील चार गोष्टी : प्रायश्चित्त कोणीं घ्यावयाचें?

पुष्कळ वर्षांपूर्वींची गोष्ट. म्हसळ्यास आमच्या आळींतील एका गृहस्थाचा हात बायकोवर वरचेवर उठे. “मास्तर, तो तुमचें ऐकेल,” असें म्हणून त्याच्या वडिलांनीं आम्हांस बोलावून नेलें. आम्हीं त्यास चार शब्द सुनावले; त्यानें मान खालीं घातली, आमच्या पायां पडला, आणि आम्ही चहा घेऊन समाधानानें घरीं परतलों. महिन्याच्या आंतच ती बाई माराचे वळ पदराखालीं झांकून विहिरीवर दिसली. तिला मात्र त्या दिवशीं आम्हीं एक शब्दहि विचारला नव्हता.

याज्ञवल्क्यस्मृतीचे आचार, व्यवहार व प्रायश्चित्त असे तीन अध्याय आहेत. दंड द्यावयाचा तो राजानें. प्रायश्चित्त घ्यावयाचें तें दोष्यानें स्वतः. घरांतील मारहाणीविषयीं हा दुसरा विचार जगानें फार उशिरां केला. अमेरिकेंत बोस्टन येथें १९७७ सालीं ‘इमर्ज’ ही संस्था कांहीं पुरुषांनीं काढली, पण ती पीडित स्त्रियांच्या आश्रयगृहांत काम करणाऱ्या बायांच्या विनंतीवरून. पुढें १९८१ सालीं डुलूथ गांवीं पोलीस, न्यायालय व मारणाऱ्या पुरुषांचे वर्ग यांची सांगड घातली गेली.

आपल्याकडे १९८३ सालीं कलम ४९८-अ आलें, तें दंडाचें. १९९१ मध्यें मुंबईंत सी. वाय. गोपीनाथ या पत्रकारानें जाहिरात देऊन, पत्नीस मारणें ज्यांस अमान्य आहे अशा पुरुषांस हांक दिली. दोनशेंवर उत्तरें आलीं, आणि त्यांतून १९९३ सालीं ‘मावा’ ही पुरुषांची संस्था उभी राहिली. हरीश सदानी हे तिचे एक संस्थापक.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलांत आहे. त्याच्या चौदाव्या कलमान्वये न्यायाधीश समुपदेशनाचा आदेश देऊं शकतात. नियमांत एक मार्मिक गोष्ट आहे : आपल्या कृत्याचें कसलेंहि समर्थन समुपदेशनांत चालणार नाहीं, हें त्या पुरुषास आरंभींच सांगावयाचें. “तिनें उलट उत्तर दिलें म्हणून” या शब्दांस तेथें थाराच नाहीं.

अशा वर्गांनीं सारेच सुधारतात असें नाहीं. त्यांच्या परिणामांविषयीं अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि एक कसोटी निश्चित आहे. पुरुष किती रडला यावर कांहींच ठरत नाहीं. ती स्त्री निर्भय झाली कीं नाहीं, हें तिलाच विचारून पाहावें लागतें.

आपल्या एकत्र कुटुंबांत समजूत घालण्याची चाल जुनी आहे. परंतु, वाचकहो, ती बहुधा सुनेचीच घातली जाते, आणि मुलानें मान खालीं घातली कीं प्रकरण मिटलें असें आपण समजतों. यापुढें वडीलधाऱ्यांनीं आधीं तिला एकटीला विचारावें, चार महिन्यांनीं पुन्हा विचारावें, आणि ती कायद्याचा आधार मागेल तर संरक्षण अधिकाऱ्याकडे स्वतः तिच्यासोबत जावें. आम्हीं त्या दिवशीं चहा घेतला. त्याऐवजीं तिला एक प्रश्न विचारावयास हवा होता.