यंत्राला अनुदान, हाताला काय?

सांगली जिल्ह्याच्या वाळवे तालुक्यातील आष्टा हे उसाच्या शिवारांनी वेढलेले गाव. हंगाम सुरू झाला की कोयत्याच्या टोळ्या फडात उतरावयाच्या, हे दृश्य येथील माणसाच्या इतके अंगवळणी पडले की त्यात कधी बदल होईल, असे कोणास वाटत नसे. तो बदल आता बांधावर येऊन उभा राहिला आहे. बैलगाडीच्या जोडीला ट्रॅक्टर केव्हाच आला. आता फडात ऊसतोडणी यंत्र उतरू लागले आहे आणि साखर कारखान्यांतून वाफेच्या दाबावर नजर ठेवण्याचे काम संगणकाकडे जात आहे.

यंत्रास विरोध करावा, असे आमचे म्हणणे नाही. उचल घेऊन, लेकरांसह फडाकडेच्या खोपटात दिवस काढावयाचे, हा काही अभिमानाने जपण्याजोगा वारसा नव्हे. कोयता सुटला तर त्याचे दुःख नको. प्रश्न निराळा आहे. ऊसतोडणी यंत्र विकत घेणारास अनुदान देण्याची योजना राज्य शासनाने २०२३ साली जाहीर केली. यंत्राच्या मालकास सार्वजनिक पैशाचा आधार मिळाला. पण ज्याच्या हातातील कोयता हे यंत्र काढून घेणार, त्याला ते चालविण्यास व दुरुस्त करण्यास कोण शिकविणार?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी १९३६ साली लिहिलेल्या भाषणात ह्या प्रश्नाचे मूळ दाखविले आहे. उद्योग कधी स्थिर राहात नाही; तो बदलला की माणसालाही धंदा बदलण्याची मोकळीक हवी. जात ती मोकळीक देत नाही आणि म्हणून बेकारीस कारण होते, असा त्यांचा युक्तिवाद होता. मुंबईच्या गिरण्यांत त्याचा पडताळा येत होता. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून विटाळाच्या सबबीवर अस्पृश्य कामगारास अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात प्रवेश नसे. त्याच्या अंगी कौशल्य नव्हते असे नाही. ते शिकण्याची जागाच त्याला बंद होती.

आज तो दरवाजा उघडपणे कोणी बंद करीत नाही. परंतु कायम नोकरास प्रशिक्षण आणि कंत्राटी मजुरास झाडू, अशी वाटणी जेथे होते, तेथे परिणाम तोच होतो. कंत्राटी नोंदीत कोणत्या समाजाची नावे अधिक असतात, हे वाचकांस सांगावयास नको.

कायदा आपल्या बाजूस आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात १९७३ साली दुरुस्ती होऊन अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखून ठेवण्यात आल्या. २०१९ च्या नियमांप्रमाणे ३० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेने, कंत्राटी कामगारही धरून, एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेतले पाहिजेत. आपल्या भागातील प्रत्येक कारखान्यात ह्या जागा किती आणि त्यांवर कोण बसले आहे, हे लेखी अर्ज करून विचारणे हा आपला हक्क आहे.

आमच्या मागण्या तीन. यंत्राच्या अनुदानाबरोबर ते चालविण्याचे शिक्षण स्थानिक मजुरास देण्याची अट असावी. शिक्षणाच्या दिवसांची मजुरी मिळावी. कारण रोजंदारीवरच्या माणसाला बिनपगारी शिक्षण म्हणजे उपवास होय. आणि आष्ट्यात अभियांत्रिकी महाविद्यालय आहेच. त्याच्या कर्मशाळेची दारे हंगाम संपल्यावर मजुरांसाठी उघडावीत.

तरुणांनाही दोन शब्द. एकदा मिळविलेले प्रमाणपत्र जन्मभर पुरेल, हा भ्रम सोडावा. वाडवडिलांनी गावकीची कामे टाकली, ती नव्या धंद्यात मानाने उभे राहण्यासाठी. नवा धंदाही जुना होतो. तो होण्यापूर्वी पुढचा शिकून घेणे, हीच त्यांच्या त्यागाची खरी राखण होय.