राउटरच्या आतले धुरे

तिवसा तालुक्यातल्या एखाद्या ग्रामपंचायतीत नेट गेलं की पहिला संशय रस्त्याकडेच्या खोदकामावर जातो. सुधारित भारतनेट योजनेने या दुखण्यावर इलाज शोधला आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर केलेल्या 1,39,579 कोटी रुपयांच्या या योजनेत केबल वर्तुळाकार जोडायची आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसरीकडून वाट राहील. तालुक्याला आणि ग्रामपंचायतीतही राउटर बसायचे आहेत. दिशा योग्यच आहे. पण ती दुसरी वाट निवडणार राउटरच. त्याचंच सॉफ्टवेअर कोसळलं, तर केबल शाबूत असूनही सातबारा निघत नाही आणि रेशनच्या मशीनवर अंगठा लागत नाही. म्हणून राउटर घेताना वेग आणि किमतीइतकीच त्याच्या सॉफ्टवेअरची आतली रचना पाहिली पाहिजे.

सिस्को कंपनीच्या राउटरांवरच्या आयओएस या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये सगळी कामं एकाच सामायिक मेमरीत चालत. एका कामाने दुसऱ्याच्या जागेत चुकीचं काही लिहिलं की अख्खा राउटर पुन्हा सुरू होण्याची वेळ येई. जुनिपर कंपनीच्या जुनोस या सॉफ्टवेअरने 1998 मध्ये ही कामं वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे स्वतंत्र चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, वाटली. सिस्कोनेही 2004 मध्ये सीआरएस-1 या मोठ्या राउटरसाठी आयओएस एक्सआर आणताना क्यूएनएक्स या प्रणालीचा मायक्रोकर्नल, म्हणजे मोजकीच कामं स्वतःकडे ठेवणारा गाभा, घेतला. प्रत्येक प्रोसेसची मेमरी वेगळी, त्यामुळे एक पडली तर तेवढीच उठवता येते. एका वावरात शिरलेलं पाणी धुऱ्याशी अडावं, तसं. पॅकेट पुढे धाडणारा भागही स्वतंत्र असल्याने, मार्ग ठरवणारी प्रोसेस उठेपर्यंत वाहतूक आधीच्या मार्गांवर चालू राहू शकते. तेवढा वेळ शेजारच्या राउटरांनी ते मार्ग मोडू नयेत, अशी सोय बीजीपीच्या, म्हणजे राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याच्या पद्धतीच्या, नियमांत 2007 मध्ये झाली.

गावच्या छोट्या राउटरला अशा विभागणीचा खर्च कशाला, असं विचारलं जाईल. पण लिनक्सवर चालणाऱ्या साध्या यंत्रातही प्रोसेसची मेमरी वेगळीच असते, आणि एफआरआर हे मुक्त सॉफ्टवेअर बीजीपी आणि ओएसपीएफ या मार्ग ठरवण्याच्या दोन पद्धती स्वतंत्र प्रोसेसमध्येच चालवतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पुन्हा उठणं म्हणजे बरं होणं नव्हे. 15 जानेवारी 1990 ला अमेरिकेत एटी अँड टीचा एक टेलिफोन स्विच सावरला, आणि तो सावरल्याच्या निरोपांनीच शेजारचे स्विच कोलमडू लागले. असे 114 स्विच सुमारे नऊ तास पडत-उठत राहिले. कॅनडात 8 जुलै 2022 ला रॉजर्स या दूरसंचार कंपनीच्या जाळ्यात मार्गांची संख्या रोखणारा एक फिल्टर काढला गेला, मार्गांचा लोंढा मुख्य राउटरांवर आदळला आणि सव्वा कोटीच्या आसपास ग्राहकांचे फोन, इंटरनेट बंद पडले. नुसत्या विभागणीने हे टळलं नसतं, हे कबूल करायलाच हवं. विभागणीच्या जोडीला, किती मार्ग स्वीकारायचे याची मर्यादाही लागते. पण म्हणून धुरा पाडायचा नसतो, तो उंच करायचा असतो. त्यासाठी ठेकेदाराचं बिल मंजूर होण्याआधी, वाहतूक चालू असताना मार्ग ठरवणारी प्रोसेस मुद्दाम बंद पाडावी, राउटरवर मर्यादेपेक्षा जास्त मार्ग सोडावेत, आणि तेवढ्या वेळात ग्रामपंचायतीतला संगणक जोडलेला राहतो का, ते ग्रामसेवकासमोर तपासावं.