कोयता दोघांचा, नोंद एकाची! ऊसतोड बायकांची लढाई नेमकी कुठवर आली?

बीड : दसरा झाला की आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर भागात गावोगाव ट्रक आणि ट्रॅक्टर लागतात. पत्र्याची पेटी, पीठमीठ, भांडी, शेळी आणि लेकरं घेऊन निम्मं गाव कारखान्याच्या रस्त्याला लागतं. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात. मुकादमाच्या वहीत मात्र एका घराची एकच ओळ असते. नवऱ्याचं नाव, उचलीचा आकडा आणि पुढं 'एक कोयता'. हा एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. बाईचं नाव त्या ओळीत कुठंच नसतं.

या जिल्ह्यातली बाईच्या हक्काची सगळी भांडणं या एका ओळीतून सुरू होतात. बाई विधवा असली, टाकलेली असली, तर ती 'अर्धा कोयता'. टोळीत जायचं तर तिला भाऊ, दीर नाहीतर वयात आलेला पोरगा जोडीला शोधावा लागतो. पोरगा कामाला आला की त्याचं लगीन घाईनं उरकायचं, म्हणजे घरात आणखी एक कोयता होतो. पोरीचंही तसंच. माघारी म्हाताऱ्यांजवळ वयात आलेली पोर ठेवायची भीती आणि फडात न्यायचीही भीती, मग आठवी-नववीतच हळद लागते. बालविवाह थांबवा अशी भाषणं पुष्कळ होतात, पण त्यामागचं हे कोयत्याचं गणित फार कमी जण मांडतात.

आता पैशाचं बघू. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि ऊसतोड संघटनांची पुण्यात बैठक होऊन तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. त्यातून टनाला साधारण ३६६ रुपये मिळतात. नवरा-बायकोनं मिळून दिवसाला दोन टन तोडला तर ७३२ रुपये होतात. घरानं एक लाख उचल घेतली असेल तर ती फिटायला जवळपास १३७ दिवस लागतात, तेही एकही खाडा न करता. अलीकडं काही कारखान्यांचा हंगाम शंभर दिवसांच्या आतच आटोपतो. मग राहिलेली बाकी पुढच्या सालाला चढते. खाडा झाला तर दंड पडतो तो वेगळाच. पाळी, ताप, बाळंतपण, कशालाही सूट नाही. पहाटे चारला उठून भाकरी करायच्या, दिवसभर मोळ्या बांधून डोक्यावरनं गाडीपर्यंत वाहायच्या आणि रात्री कोपीवर येऊन परत चूल पेटवायची. फडात ना संडास ना न्हाणी. पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, अंगावरचे आजार हे सगळं याच्यातनंच येतं.

दुखणं काढलं की खाडा, आणि खाडा झाला की दंड. मग 'पिशवी काढून टाक, कटकट मिटंल' हा सल्ला बायकांना पटत गेला. २०१९ साली बातम्या आल्यावर सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे शंभरात जवळपास सतरा. देशभराच्या आरोग्य पाहणीत हेच प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे.

हा आकडा बाहेर येईपर्यंत तिघं जण तीन दिशांनी लढत होते. ऊसतोड मजुरांच्या संघटना दरवाढ आणि मुकादमाचं कमिशन याच्यासाठी संप करायच्या. त्यांचे पुढारी पुरुष, त्यातले कित्येक स्वतःच मुकादम. संडास आणि पाळी हे विषय त्यांच्या मागण्यांच्या कागदावर कधी आलेच नाहीत. शहरातल्या स्त्री-संघटना मारहाण, हुंडा, बलात्कार यावर ठामपणे बोलायच्या, पण उचल आणि खाडा हे शब्दच त्यांच्या कानावर पडलेले नव्हते. दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या संघटनांना उचलीतली वेठबिगारी नीट दिसत होती, फक्त तिथंही मजूर म्हटलं की गडी माणूसच डोळ्यापुढं यायचा. दोष कुणा एकाचा नव्हता. पण बाई तिन्हीकडून निसटत होती.

पिशवीच्या प्रश्नानं ही मंडळी एका सतरंजीवर आली. महिला किसान अधिकार मंच, म्हणजे मकाम, आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या विधवा आणि ऊसतोड बायका अशा दोघींतही काम करतो. आरोग्याच्या चळवळीतले लोक आले, दलित वस्त्यांत काम करणारे कार्यकर्ते आले, आणि महिला ऊसतोड कामगारांची वेगळी संघटनाही उभी राहिली. त्यामुळं मागणीच बदलली. नुसतं 'ऑपरेशनं थांबवा' म्हणून भागणार नव्हतं. खासगी दवाखान्यांना जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट घातली ते बरं झालं, पण परवानगी नाकारली म्हणून बाईचं दुखणं जात नाही. ती शेजारच्या जिल्ह्यात जाऊ शकते. म्हणून बायका आता म्हणतात की आधी खाड्याचा दंड बंद करा, फडावर पाणी आणि संडास द्या, मजूर म्हणून आमची वेगळी नोंद करा, आमची मजुरी आमच्या हातात द्या. ऑपरेशनचा प्रश्न त्याच्या मागून येतो. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं वर्तमानपत्रातल्या लेखावरून या बायकांच्या हालाची स्वतःहून दखल घेतली.

अशी एकी महाराष्ट्राला नवी नाही. १९७२ च्या सुमारास शहाद्याला श्रमिक संघटनेत भिल्ल आदिवासी जमिनीसाठी आणि मजुरीसाठी लढत होते. तिथल्या बायकांनी मजुरीच्या लढ्यात दारूचा प्रश्न घुसवला आणि गुत्त्यांवरची मडकी फोडली. १९८६ ला चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. पुढं लक्ष्मीमुक्ती निघाली, ज्या गावातले शंभर शेतकरी बायकोच्या नावानं जमीन करतील त्या गावाचा मान करायचा. कल्पना मोठीच होती. पण ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्यानं बायकोच्या नावावर काय करायचं? भूमिहीन बाई त्यातही बाहेरच राहिली, आणि आज फडात दिसते ती बरीचशी तीच.

आणखी एक धागा फार कमी जणांना ठाऊक असतो. कामाच्या ठिकाणी बाईला त्रास दिला तर तक्रार करायचा जो कायदा आहे, त्याची सुरुवात कुठल्या ऑफिसात झाली नाही. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी या कुंभार समाजातल्या. सरकारच्या 'साथिन' म्हणून बालविवाह रोखायला गेल्या, म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. स्त्री-संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या, १९९७ ला विशाखा निकाल लागला आणि २०१३ ला कायदा आला. एका खेड्यातल्या बाईनं बालविवाह अडवण्याची किंमत मोजली म्हणून पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत समित्या बसल्या. फडातल्या बाईला मात्र ती समिती अजून दिसली नाही. त्याच कायद्यात असंघटित बायकांसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती नेमायची आहे आणि तिच्या सदस्यांत अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी किंवा अल्पसंख्याक समाजातली किमान एक बाई घ्यायचीच आहे. मुकादमानं किंवा गाडीवाल्यानं हात धरला तर तक्रार तिथं करता येते. कोपीवर राहणाऱ्या किती जणींना हे माहीत आहे?

सरकारनं काहीच केलं नाही असंही नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालं आणि कारखान्यांकडून टनाला दहा रुपये घ्यायचं ठरलं. ऊसतोड मजुरांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं मंजूर झाली. वसतिगृह नीट चाललं तर पोरगी गावात शाळेत राहते आणि लगीन आपोआप पुढं जातं. ओळखपत्रासाठी नोंद ग्रामसेवकाकडं करायची असते. इथंच बायकांनी अडून बसायला पाहिजे. कार्ड घराला एक नको, नवऱ्याचं वेगळं आणि बायकोचं वेगळं पाहिजे. गावात जाऊन विचारलं तर कळतं की कित्येक घरांत गड्याचं कार्ड निघालं की काम झालं असंच धरतात.

एकीला धोके आहेतच. टोळी बहुतेक भावकीची, नाहीतर एका जातीची असते, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत आरक्षणावरून जिल्ह्यातली मनं पार फाटली. एका गावातले लोक एकमेकांच्या दुकानात जाईनात, तिथं मराठा, वंजारी, दलित, बंजारा बायकांना एका बैठकीत बसवणं सोपं नाही. हार्वेस्टर वाढतायत, तेव्हा जास्त बोललो तर कामच जाईल ही भीतीही खरी आहे. आणि पुढारी मंडळींना 'समाजाचा ऊसतोड' चालतो, ऊसतोड बाई नको असते. कारण तिची पहिली तक्रार घरातल्या नवऱ्यावर आणि दुसरी मुकादमावर जाते, आणि हे दोघंही त्यांचेच मतदार.

२०२४ च्या दरवाढीचा करार तीन वर्षांचा. पुढच्या करारासाठी साखर संघ आणि संघटना परत समोरासमोर बसतील, दर आणि कमिशनवर रात्र-रात्र घासाघीस होईल. खाड्याचा दंड, बाळंतपणाची रजा, फडावरचं संडास-पाणी आणि बाईच्या नावावर मजुरी हे चार मुद्दे त्या कागदावर आणायचे, आणि टेबलाच्या या बाजूला स्वतः कोयता चालवणाऱ्या बायका बसवायच्या, अशी मागणी आता गावोगाव होऊ लागली आहे. दसऱ्याला गाड्या भरायच्या आधी ग्रामसभेत तसा ठराव करून घेता येतो. त्याला ना मुकादमाची परवानगी लागते, ना कारखान्याची.